दाणा आणि बीज

कोरपना तालुक्यातील कापूस पिकविणाऱ्या घरात सरकी ह्या एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन रीती होत्या. कापूस जिनिंगात गेला, रुई निराळी झाली, म्हणजे मागे राहिलेली बहुतेक सरकी तेलाच्या गिरणीकडे जाई. तिचे तेल निघे, आणि उरलेली ढेप गाईबैलांपुढे पडे. आजही हे असेच चालते. परंतु संकरित वाण येण्यापूर्वी तिच्यातील थोडा भाग घरात राखून ठेवीत. मृगाच्या सुमारास तिला शेणमाती चोळून अंगावरचे तंतू बसवीत, म्हणजे ती सरत्यातून मोकळी उतरे. ती सरकी मग केवळ सरकी राहत नसे. ती बी होई. वस्तू तीच, वजन तेच. गाईपुढे टाकली असती तर गाईनेही भेद केला नसता. मग ढेपेची सरकी आणि पेरणीची सरकी ह्यांत अंतर कशाचे?

वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक येथे हरकत घेईल. त्याच्या मते बीजाची व्याख्या बीजातच आहे: आत गर्भ, गर्भाजवळ पोषणाचा साठा, आणि वरून कवच. ही व्याख्या खरी आहे, आणि रानातल्या सागाच्या बीला ती पुरेशीही आहे. परंतु शेतीत ती पुरत नाही. ज्वारीच्या कणगीतील प्रत्येक दाण्यात गर्भ आहे, साठा आहे, कवच आहे. तरी कणगीतील ज्वारीस आपण धान्य म्हणतो, बियाणे म्हणत नाही. भरलेले, एकसारखे कणीस पाहून कोणी ते बाजूला काढतो, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात जपतो, आणि घरात टंचाई असली तरी त्यास हात लावीत नाही, तेव्हा ते बियाणे होते. मांडवावरचा सर्वांत चांगला दोडका न तोडता आपण 'बियाला ठेवतो'. ह्या लहानशा शब्दप्रयोगात सगळी गोष्ट आली. खाण्याजोगा असून न खाल्लेला दाणा म्हणजे बी. दाण्यास बीपण येते ते माणसाच्या संयमाने.

हे एकदा मान्य केले, म्हणजे बीज हा केवळ पदार्थ राहत नाही. तो एक नैतिक व्यवहार ठरतो. आणि मग असा प्रश्न उत्पन्न होतो की, ह्या व्यवहारातून जे निर्माण होते त्यावर हक्क कोणाचा? त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ह्या शब्दाने आपल्या विचारात कोठकोठे घर केले आहे ते पाहणे इष्ट होईल. कारण हक्काविषयीच्या आपल्या पुष्कळशा कल्पना शब्दाच्या पोटातूनच आलेल्या असतात.

प्रथम एक सोयरेपण तोडून टाकू. भाऊबीज किंवा तुकारामबीज ह्यांतील 'बीज' हा ह्या बीजाचा कोणी लागत नाही. ती द्वितीया तिथी आहे. संस्कृत शब्द प्राकृतातून झिजत आला आणि योगायोगाने ह्या रूपास पोचला. असाच दुसरा योगायोग कोरपन्याच्या सीमेवर भेटतो. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख तेलंगणास लागून आहे. आज कोरपना ज्यात मोडतो तो जुना राजुरा तालुका 1956 पर्यंत हैद्राबाद संस्थानाच्या व पुढे त्याच नावाच्या राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि येथील बाजारात तेलुगू शब्द परका वाटत नाही. तेलुगूत बियाण्यास 'वित्तनम्' म्हणतात. संस्कृतातल्या 'वित्ता'शी त्याचा काही संबंध नाही; तो द्राविडी धातूचा शब्द आहे. तथापि बी आणि धन ह्यांचे नाते एका ध्वनीत असे सूचित व्हावे, हे ऐकणाऱ्यास गोड वाटते एवढे खरे.

आता खरे बीज. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतील, म्हणजे 1150 च्या सुमाराच्या ग्रंथातील, एका भागाचे नाव बीजगणित आहे. अज्ञात राशींचे हे अव्यक्त गणित हेच व्यक्त गणिताचे मूळ, अशी त्यांची भूमिका. जे अजून दिसत नाही त्यावरून जे दिसणार आहे ते काढावयाचे, म्हणून ते बीज. नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अर्थप्रकृतींपैकी पहिलीचे नाव बीज. आरंभी अल्पसे टाकलेले, आणि पुढे नाना शाखांनी पसरून फळास येणारे. तंत्रमार्गात एका अक्षरात देवता सामावते, तो बीजमंत्र. योगशास्त्रात समाधीचे सबीज आणि निर्बीज असे भेद आहेत, आणि ज्ञानाने क्लेश दग्ध झाले म्हणजे ते भाजलेल्या बियांसारखे पुन्हा उगवत नाहीत, असे भाष्यकार सांगतात. बौद्धांच्या विज्ञानवादात प्रत्येक कर्म आलयविज्ञानात आपले बीज टाकून जाते. व्यापाऱ्याची मालाची यादी ती बीजक, आणि कबीराच्या वचनसंग्रहाचे नावही बीजकच. पाश्चात्यांकडे पाहिले तरी हेच. विद्यापीठांतून आज ज्याचा सुळसुळाट झाला आहे त्या 'सेमिनार' शब्दाचे मूळ लॅटिनमधील रोपवाटिकेत आहे. आणि परदेशी विखुरलेल्या समाजास लावला जाणारा 'डायास्पोरा' हा ग्रीक शब्द मुळात बी विखरून पेरण्याचाच आहे.

ह्या सर्व अर्थांत एक सूत्र दिसते. बीज म्हणजे ज्यात पुढचे सर्व आधीच साठविलेले आहे असे सूक्ष्म कारण. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पुत्रास वडाचे फळ फोडावयास लावतो, मग त्यातील बी फोडावयास लावतो. आत काहीच दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्यातूनच हा प्रचंड वृक्ष झाला, असे त्यास दाखवितो. दृष्टान्त अपूर्व आहे. परंतु दृष्टान्ताची एक खोड असते: तो एका गोष्टीवर प्रकाश टाकताना दुसरीवर सावली पाडतो. बीमध्ये सर्व काही आहे, असे शंभर वेळा ऐकल्यावर माती, पाऊस, राखणारा हात ह्यांचा विसर पडतो. आपल्याच नैयायिक-वेदान्त्यांनी ह्या एकांगीपणावर उतारा म्हणून बीजांकुरन्याय सांगितला आहे: बीमुळे अंकुर, परंतु अंकुरामुळेच पुन्हा बी, आधी कोण, हे ठरविता येत नाही. तो न्याय वादसभेत राहिला. व्यवहारात मात्र बीजप्राधान्याचाच अंमल चालला.

त्या अंमलाचे परिणाम सौम्य नव्हते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीस क्षेत्र आणि पुरुषास बीज म्हटले आहे, आणि बीज व योनी ह्यांत बीज श्रेष्ठ, असा एक पक्ष तेथे मांडला आहे. ह्याच विचाराने कुळाची आणि वर्णाची शुद्धी म्हणजे बीजाची शुद्धी, असे समीकरण रूढ झाले. माणसाचा गुण त्याच्या करणीत पाहण्याऐवजी त्याच्या उत्पत्तीत शोधला जाऊ लागला. 'बीज तसे फळ' हे वाक्य शेतकऱ्याने वांग्याविषयी म्हटले तर ते अनुभवाचे बोल आहेत. तेच शेजाऱ्याच्या मुलाविषयी म्हटले की तो अन्याय होतो. शास्त्राने तर ह्या कल्पनेचा पायाच काढून घेतला आहे. 1827 मध्ये बेअर ह्या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज दाखवून दिले. आणि 1866 मध्ये मेंडेलने वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांचा जो निबंध छापला, त्यावरून वारशात मातापित्यांचा वाटा सारखा, हे पुढे निर्विवाद झाले. जिला क्षेत्र म्हटले तीही बीजच देते. एवढेच नव्हे, तर प्रत्यक्ष शेतीच्या बाबतीतही शास्त्राचे रूपक उलटे होते. बी निवडणे, वाळविणे, मडक्यात जपणे हे काम घराघरांतून बहुधा स्त्रियांनीच केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी देशी वाणांचे जे जतन केले, त्याबद्दल 2020 साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली, आणि लोक त्यांस बीजमाता म्हणतात. ग्रंथात जी क्षेत्र होती ती घरात बीजाची राखणदार होती.

मनूच्या त्याच प्रकरणात मात्र एक निवाडा असा आहे की, तो आजच्या न्यायालयांनीही वाचावा. वाऱ्याने किंवा पुराच्या पाण्याने एकाचे बी दुसऱ्याच्या शेतात जाऊन रुजले, तर पीक शेतवाल्याचे, बीवाल्याचे नव्हे. हा निवाडा पतीचा हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेला आहे, आणि ज्या क्षेत्राविषयी वाद आहे त्या क्षेत्रास मात्र कोणी काही विचारीत नाही, हे विसरता कामा नये. तरीही शेतीपुरता तो पाहिला तर त्यात एक ग्राम्य शहाणपण आहे: बी माझे होते एवढ्याने उगवलेले सर्व माझे होत नाही.

आमच्या काळात हा प्रश्न समुद्रापलीकडे पुन्हा उभा राहिला. कॅनडातील पर्सी श्मायझर नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात, तणनाशक सहन करणारा पेटंट घेतलेला जनुक असलेली मोहरीच्या जातीची रोपे, त्याने ते बियाणे विकत घेतलेले नसताना, आढळली. त्याने त्यांचे बी राखले आणि पुढच्या वर्षी पेरले. 2004 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, जाणूनबुजून राखून पेरल्यामुळे पेटंटाचा भंग झाला. मात्र त्या जनुकामुळे त्याला अधिक नफा झाला नव्हता, म्हणून त्याने पैसे देणे लागत नाही. पुढे 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बोमन नावाच्या शेतकऱ्याच्या खटल्यात एकमताने ठरविले की, बाजारातून घेतलेले पेटंटयुक्त सोयाबीन खाण्यास, विकण्यास, गुरांना घालण्यास तो मोकळा आहे; परंतु पेरून त्याची नवी पिढी करण्यास मोकळा नाही.

ह्या दुसऱ्या निर्णयाने आमच्या आरंभीच्या भेदावरच बोट ठेवले आहे. दाणा म्हणून तो तुझा. बी म्हणून तुझा नव्हे. खाण्याचा हक्क आहे, न खाण्याचा नाही. ज्या संयमाने दाण्यास बीपण आणले तोच संयम येथे अपराध ठरला! कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत असेल. परंतु माणसाने दहा हजार वर्षे ज्यास सद्गुण मानले ते एका शतकात गैरकृत्य व्हावे, ह्यावर विचारी मनुष्याने थांबून विचार केला पाहिजे.

हिंदुस्थानचा कायदा अधिक उदार आहे. 2001 च्या वनस्पती-वाण संरक्षण व शेतकरी-हक्क अधिनियमाने शेतकऱ्यास आपले पीक, बियाण्यासह, राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क राखून दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाने विकावयाचे नाही. परंतु कपाशीच्या शेतात हा हक्क बहुतांशी कागदावरच राहतो. जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून निघाले, आणि 2002 च्या मार्चमध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली तीही संकरित वाणांच्या रूपातच. संकरिताची सरकी पेरली तर, मेंडेलच्याच नियमाने, पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते. कायदा म्हणतो राख. निसर्ग म्हणतो राखून उपयोग नाही. म्हणून शेतकरी दरसाल कृषी केंद्रात जातो, पुष्कळदा उधारीवर पाकीट घेतो, आणि पाऊस दगा देऊन गेला की दुबार पेरणीसाठी पुन्हा जातो.

आणि ह्या प्रांतात आणखी एक शब्द जन्मास आला आहे: 'चोर बीटी'. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीस देशात मान्यता नाही, तरी तिचे बियाणे सीमा ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीकडे येते, धाडी पडतात, पोती जप्त होतात. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी हे बियाणे उघडपणे पेरून कायदेभंगही केला. त्यांचा युक्तिवाद स्वातंत्र्याचा होता, विरोधकांचा सावधगिरीचा. मी येथे त्या वादाचा निवाडा करीत नाही. माझे लक्ष विशेषणाकडे आहे. बियाण्यास चोर म्हणण्याची पाळी भाषेवर आली, म्हणजे बीज आणि माणूस ह्यांच्यातील जुना विश्वास कोठेतरी मोडला आहे. शिवाय अशा बीजास बीजक नसते. ते उगवले नाही, तर पावती नसलेला शेतकरी दाद मागण्यास कोणत्या तोंडाने जाईल?

मूळ चूक, माझ्या मते, अशी आहे. मालकीच्या आमच्या कल्पना अचेतन वस्तूंवरून घडल्या. कोरपन्याच्या भूमीत ह्याचा दाखला पायाखालीच आहे. गडचांदूर, आवारपूर, नांदा ह्या बाजूस चुनखडक आहे, आणि त्यावर सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. चुनखडक एकाने खणला की दुसऱ्यास तो उरत नाही. त्याचा उपयोग म्हणजेच त्याचा क्षय. अशा वस्तूस धनी ठरविणे, हद्द आखणे, मोबदला घेणे हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच खडकाशेजारच्या काळ्या मातीत जे पेरले जाते त्याचा धर्म उलट आहे. बीज वाटल्याने वाढते आणि कुलुपात ठेवल्याने मरते. काही वर्षांनी त्याची उगवणशक्तीच जाते. जे दिल्याने कमी होत नाही आणि न दिल्याने नष्ट होते, त्यास खडकाचा कायदा लावला की विसंगती उत्पन्न होणारच.

येथे एक शंका संभवते, आणि ती क्षुल्लक नाही. वाण सुधारणारा संशोधक श्रम करतो, पैसा घालतो. त्याचे बी सर्वांनी फुकट घेतले तर उद्या श्रम कोण करील? ही शंका किती रास्त आहे ते ह्याच जिल्ह्यातील एका माणसाच्या चरित्रावरून दिसते. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक, फारसे न शिकलेले शेतकरी. 1983 मध्ये पटेल-3 ह्या धानाच्या बांधीत त्यांस काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांनी त्यातून बारीक, चवदार तांदळाचे वाण स्थिर झाले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे एचएमटी हे नाव त्या धानास पडले, आणि ते अनेक राज्यांत पसरले. दादाजींना पारितोषिके मिळाली. परंतु ज्या वाणाने इतरांची कोठारे भरली त्याने त्यांची भरली नाहीत. 2018 मध्ये ते निवर्तले. म्हणजे बीजाच्या मुक्त संचारात श्रम करणाऱ्याची उपेक्षा होऊ शकते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ह्यातून निघणारा निष्कर्ष कोणता? दादाजींची निवड अमोल होती. तथापि पटेल-3 हे वाणही कोणा पूर्वीच्या संशोधकाचे फळ होते, आणि त्यामागे अनाम हातांनी हजारो वर्षे निवडत आणलेले धान होते. त्या साखळीतील प्रत्येक कडी मोबदल्यास पात्र आहे. कोणतीही एक कडी साखळीच्या मालकीस पात्र नाही. श्रमाचे मोल समाजाने एकदा, आणि सढळ हाताने, द्यावे. पण श्रमाचे मोल देणे निराळे, आणि पुढच्या प्रत्येक पिढीच्या प्रत्येक अंकुरावर खंड बसविणे निराळे. पहिला न्याय आहे. दुसऱ्यात बीजप्राधान्याची तीच जुनी भ्रांती आहे, जिने एकेकाळी माता, माती आणि मनुष्याची करणी ह्यांस गौण ठरविले होते.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. बी म्हणजे न खाल्लेला दाणा, असे म्हटले. पण उपाशी माणसाने तो खाल्ला तर? लेनिनग्राडच्या वेढ्यात, 1941 ते 1944 ह्या काळात, तेथील वनस्पतिसंस्थेत जगभरच्या पिकांच्या बियांचा संग्रह होता. तो जमविणारे वाविलोव्ह स्वतः स्टालिनच्या तुरुंगात होते, आणि 1943 च्या जानेवारीत सारातोव्ह येथे त्यांचा अंत झाला. संग्रह राखणारे त्यांचे कित्येक सहकारी तांदूळ, शेंगा, धान्य ह्यांच्या पुड्यांमध्ये बसून भुकेने मेले, पण त्यांनी ते बी खाल्ले नाही. ही तपश्चर्या पाहून मान लवते. परंतु तिचा दंडक करून तो दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणास आहे? त्या शास्त्रज्ञांनी स्वतःचे पोट राखून ठेवले नाही. त्यांनी स्वतःचेच प्राण पणास लावले. रडणाऱ्या लेकरापुढे बियाण्याचे मडके उघडणाऱ्या बापास त्यांचे उदाहरण सांगणे हा क्रूरपणा होईल.

अशा बापाने बी खाल्ले तर दोष त्याचा नसून, त्याला त्या मडक्याशी एकटे सोडणाऱ्यांचा आहे. हे जुन्या लोकांस कळत होते. 1884 च्या कायद्याने परक्या सरकारनेही बियाणे आणि बैल ह्यांसाठी तगाई देण्याची तरतूद केली होती. आणि गावचा सावकार वाढीदिढीने का होईना, पेरणीस धान्य देई. त्याची दिढी शेतकऱ्यास पिळून काढी, हे खरे. परंतु पेरणीच्या वेळी कोणाची तिफण रिकामी राहू नये, हा विचार त्या अन्यायी व्यवहाराच्याही तळाशी होता. पूर्वेकडे भामरागड आणि बस्तर ह्या भागांतील माडिया-गोंड समाजात पेरणीपूर्वी बीज पंडुम म्हणून बियाण्याचाच सण करतात. बी आधी गावाच्या देवापुढे जाते, मग ज्याच्या त्याच्या शेतात. म्हणजे चाड्यावर मूठ एकाची असली तरी त्या मुठीतील दाण्यास गावाची संमती असते. संयम जर एकट्याचा असेल तर तो फार काळ टिकत नाही. त्याला समाजाचा आधार लागतो, आणि तो आधार मागण्याचा त्याला हक्क आहे.

आपल्या धर्मशास्त्राने मनुष्य जन्मतःच ऋणी आहे असे म्हटले, आणि पितृऋणाविषयी एक विलक्षण गोष्ट सांगितली: ते मागे फेडता येत नाही, पुढेच फेडावे लागते. पितरांकडून घेतले, संततीस द्यावयाचे. बीजाचे ऋणही ह्याच जातीचे आहे. ज्याने पहिली मूठ न खाता ठेवली त्याचे नाव आपणास ठाऊक नाही, आणि त्याची परतफेड त्यास करता येणार नाही. आपल्या हातून एवढेच घडू शकते की ती मूठ, आपण घेतली तेव्हा होती त्याहून रोडावलेली नव्हे, पुढच्या हातात पडावी. आणि जो ती घेण्यास येईल त्याला आधी त्याचे कुळ, त्याची पत किंवा त्याची पावती विचारली जाऊ नये.